ख्रिस्ती माणसाने कोणते भांडण सोडावे आणि कोणते सोडू नये

प्रश्न : कोल्हापुरातील एका ख्रिस्ती शिक्षकांनी विचारले आहे. वडील मृत्युपत्र न करता वारले. आई त्यांच्याकडे राहते आणि आजारी असते. घराच्या वाटणीवरून थोरल्या भावाशी बोलणे बंद झाले आहे. बहीण गडहिंग्लजला दिली असून तिच्याकडून हक्कसोड पत्रावर सही घेतली म्हणजे अर्धा प्रश्न मिटेल, असे भावाचे म्हणणे आहे. शेजाऱ्याच्या पत्र्यावरचे पावसाचे पाणी यांच्या अंगणात पडते, गल्लीतल्या मंडळाची वर्गणी आणि रात्रीचा आवाज यांवरून दरवर्षी कुरबूर होते आणि ख्रिस्तमंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंचकमिटीच्या निवडणुकीत दोन गट पडले आहेत. "गप्प बसलो तर घरचे भित्रा म्हणतात आणि बोललो तर मंडळीतले लोक म्हणतात की हे ख्रिस्ती माणसाला शोभत नाही. मग शांतीने राहायचे म्हणजे नक्की करायचे तरी काय?"

उत्तर :

तुम्ही चार भांडणे एका दमात लिहिली आहेत आणि चारही वेळा स्वतःला एकच प्रश्न विचारला आहे की बोलावे की गप्प बसावे. तीस वर्षांहून अधिक काळ या जिल्ह्यातल्या लहानमोठ्या मंडळ्यांत पाळक म्हणून काम केल्यावर आणि कितीतरी घरांच्या ओसरीवर दोन्ही बाजूंच्या मध्ये बसल्यावर मला असे वाटते की हा प्रश्नच थोडा चुकीच्या जागी उभा आहे. बोलणे आणि गप्प बसणे या दोन्ही गोष्टी शांतीच्याही असू शकतात आणि भांडणाच्याही. आधी पाहायचे ते हे की ज्या वस्तूवरून वाद आहे ती वस्तू कोणाची आहे. ती माझी असेल तर मी ती सोडू शकतो, आणि पुष्कळदा सोडावीच. ती दुसऱ्याची असेल, त्यातही माझ्यापेक्षा दुबळ्या माणसाची असेल, तर ती सोडण्याचा अधिकार मला देवाने दिलेलाच नाही.

बायबलातल्या रोमकरांस पत्राच्या बाराव्या अध्यायात प्रेषित पौल सर्व माणसांबरोबर शांतीने राहायला सांगतो, पण त्या एका वाक्यात त्याने दोन अटी घातल्या आहेत : शक्य असेल तर, आणि तुमच्याकडून होईल तितके. उपदेशात आपण या अटी भरभर वाचून पुढे जातो. वास्तविक त्यांतच मोठा दिलासा आहे. शांती दोन घरांमध्ये होते आणि त्यांतले एकच घर तुमच्या ताब्यात आहे. समोरचा दार लावून बसला तर त्याचा हिशेब देव तुमच्याकडे मागणार नाही. तुम्ही तुमच्या वाट्याचे अंतर चालून गेलात की नाही, एवढेच तो विचारेल. पुष्कळ सज्जन माणसे भावाने बोलणे टाकले म्हणून वर्षानुवर्षे स्वतःला दोषी समजून प्रभुभोजनापासून दूर बसतात, हे मी पाहिले आहे, आणि त्यांना ही अट समजावून सांगताना माझेही डोळे भरून आले आहेत.

शास्त्रातल्या दोन गोष्टी या बाबतीत शेजारीशेजारी ठेवून वाचाव्यात असे मी नेहमी सांगतो. पहिली अब्राहामाचा मुलगा इसहाक याची. उत्पत्तीच्या सव्विसाव्या अध्यायात त्याचे चाकर गरारच्या खोऱ्यात विहीर खणतात आणि तिला जिवंत झरा लागतो. तेथले गुराखी येऊन म्हणतात, पाणी आमचे. इसहाक तिला एसेक म्हणजे भांडण असे नाव देतो आणि ती सोडतो. दुसरी खणतो, तिच्यावरूनही तंटा होतो. तिचे नाव सितना म्हणजे वैर. तीही सोडतो. तिसऱ्या विहिरीला कोणी आडवे येत नाही. तिला तो रहोबोथ, म्हणजे ऐसपैस जागा, असे नाव देतो. आपल्याकडे उसाच्या पाण्याच्या पाळीवरून भाऊभाऊ एकमेकांवर धावून जातात, तेव्हा लागलेले पाणी सोडून जाणे म्हणजे काय हे कोल्हापूरच्या माणसाला वेगळे सांगायला नको. पण त्या अध्यायाचा शेवटही वाचा. गरारचा राजा अबीमलेख पुढे स्वतःहून भेटीस येतो, तेव्हा इसहाक तोंड भरून खोटे हसत नाही. तुम्ही माझा द्वेष करून मला घालवून दिलेत, आता का आलात, असे तो तोंडावर विचारतो, मग त्यांना जेवू घालतो आणि सकाळी शपथ होऊन दोघे शांतीने निघतात. त्याने विहिरी सोडल्या, खरे बोलणे सोडले नाही.

दुसरी गोष्ट नाबोथाची, राजे पहिल्या पुस्तकाच्या एकविसाव्या अध्यायातली. राजा अहाब त्याचा द्राक्षमळा मागतो, बदल्यात चांगला मळा किंवा रोख पैसे द्यायला तयार आहे. व्यवहारी माणूस म्हणेल, राजाशी कशाला वैर, देऊन टाक. नाबोथ नाही म्हणतो, कारण ते वाडवडिलांचे वतन आहे. ते त्याच्या एकट्याचे नाही, त्याच्या मागून येणाऱ्यांचेही आहे. त्यापायी त्याचा जीव गेला, आणि देवाने नाबोथाला भांडखोर ठरवले नाही, अहाबाला खुनी ठरवले. इसहाकाने दिले ते त्याचे होते. नाबोथाने राखले ते इतरांचेही होते. तुमची चारही भांडणे या दोन माणसांच्या मध्ये कोठे तरी बसतात.

आता घराचा विषय, कारण तो सर्वांत जड आहे. तुमच्या भावाचा प्रस्ताव शांतीचा वाटतो. बहिणीने सही केली की दोन भावांत वाटणी सोपी होते. पण बहिणीचा हिस्सा ही तुम्हा दोघांची वस्तू नाही. भारतीय उत्तराधिकार कायदा, 1925 हा आपल्याला लागू आहे. ख्रिस्ती माणूस मृत्युपत्र न करता वारला आणि मागे पत्नी व मुले असली, तर एक तृतीयांश पत्नीला आणि उरलेले दोन तृतीयांश मुलांना सारखे जाते. त्यात मुलगा आणि मुलगी असा भेद नाही आणि मुलीचे लग्न झाले आहे की नाही यालाही अर्थ नाही. म्हणजे तुमच्या घराचे नऊ भाग केले तर तीन आईचे, आणि तुम्हा तिघा भावंडांचे प्रत्येकी दोन. वडिलोपार्जित म्हणून मुलांचा जन्मतःच हक्क असण्याची जी पद्धत हिंदू एकत्र कुटुंबात आहे, ती ख्रिस्ती कुटुंबाला लागू नाही. अनेक ख्रिस्ती घरांत हे माहीतच नसते. शेजारच्या घरात ऐकलेले नियम आपण आपलेच समजून चालतो आणि अर्ध्या भांडणांचे मूळ त्या गैरसमजात असते. म्हणून भावाशी काही बोलण्याआधी एखाद्या जाणत्या वकिलाकडून हे कागदावर लिहून घ्या आणि सिटी सर्व्हेतून मिळकत पत्रिकेचा उतारा काढून ठेवा. माहिती समोर असली की आवाज आपोआप एक पट्टी खाली येतो.

बहिणीने स्वतः, कोणी मागितल्याशिवाय, सासरच्या आणि माहेरच्या कोणाच्याही दडपणाविना आपला हिस्सा सोडला, तर ते तिचे देणे आहे आणि ते आभार मानून घ्यावे. पण नाताळला माहेरी आलेल्या बहिणीपुढे फराळाच्या ताटाबरोबर हक्कसोड पत्र ठेवायचे आणि सही नाही केली तर पुढच्या नाताळला दार उघडे असेल की नाही अशी भीती तिच्या मनात राहू द्यायची, याला मी शांती म्हणणार नाही. तो लुबाडणुकीचा सभ्य प्रकार आहे, आणि मोठमोठ्याने प्रार्थना करणाऱ्या घरांतूनही तो चालतो.

हे मी इतके ठामपणे लिहितो, कारण या बाबतीत माझ्या हातून एक चूक झाली आहे. पाळकपणाच्या सुरुवातीच्या वर्षांत एका गावच्या मंडळीत दोन भाऊ एकमेकांचे तोंड पाहत नव्हते. मी तरुण होतो, उत्साही होतो. नाताळाच्या आदल्या रविवारी उपासनेनंतर दोघांना वेदीसमोर बोलावले, एकमेकांचे हात हातात दिले आणि सगळ्या मंडळीने स्तुतिगीत गायले. लोक रडले. वाटणी काय ठरली हे मी विचारले नाही, आणि त्यांची एक विधवा बहीण मागच्या बाकावर बसली होती तिला तर काहीच विचारले नाही. दोघा भावांनी त्या समेटाच्या आनंदात तिचा भाग आपसात घालून घेतला. पुढे ती माझ्याकडे आली आणि एवढेच म्हणाली, "पाळकसाहेब, तुम्ही त्यांची शांती केली, माझी कोणी करायची?" पुढे तिला तिचा भाग मिळवून देण्यात अनेक वर्षे गेली आणि त्या काळात दोन भावांचे भांडणही पुन्हा उभे राहिले. यिर्मया संदेष्ट्याने ज्या लोकांना दोष दिला आहे, जे शांती नसताना शांती आहे, शांती आहे असे म्हणत जखमेवर वरवरचा उपाय करतात, त्यांत मी त्या रविवारी उभा होतो. तेव्हापासून कोणाचा हात कोणाच्या हातात देण्याआधी मी विचारतो, या खोलीत नसलेले कोण आहे?

भावाकडे कसे जायचे, हे आता सविस्तर लिहितो, कारण बहुतेक समेट विषयावर मोडत नाहीत, जाण्याच्या पद्धतीवर मोडतात. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात प्रभू येशूने क्रम दिला आहे : आधी एकांतात दोघांत, मग एकदोघांना बरोबर घेऊन, मग मंडळीपुढे. आपण हा क्रम उलटा चालवतो. आधी बायकोला सांगतो, मग मेहुण्याला, मग तालमीच्या कट्ट्यावर, मग मंडळीत प्रार्थनेची विनंती म्हणून. आणि ज्याच्याबद्दल बोलायचे त्याला ते चौथ्या तोंडातून, मीठमिरची लागून कळते. मग तो चिडला तर नवल नाही. तुम्ही एकटेच जा. निरोप पाठवून जा, पण कारण निरोपात सांगू नका, "थोडं बसायचं आहे तुमच्याजवळ" एवढे पुरे. कामावरून नुकत्याच परतलेल्या, उपाशी माणसाशी वाटणी बोलू नये. रविवारी दुपारचे जेवण झाल्यावरची वेळ मला नेहमी चांगली वाटली आहे. त्यांच्या घरी जा, त्यांना आपल्या घरी बोलावू नका. धाकट्याने थोरल्याच्या दारात जाण्यात कमीपणा नाही आणि आपल्याकडे त्याला फार मोल आहे. वहिनींनी चहा दिला तर तो पूर्ण प्या.

पहिले वाक्य तुमच्या चुकीचे असावे, त्यांच्या नव्हे. "गेल्या वर्षी चौकात सगळ्यांसमोर मी जे बोललो ते चुकले" अशासारखे, खरे आणि नेमके. "माझे काही चुकले असेल तर" असे म्हणू नका, कारण त्यात कबुली नसते, ऐकणाऱ्याला ते लगेच कळते. त्यानंतर एक प्रश्न विचारा, तुमच्या मनात काय आहे ते मला सांगा, आणि मग खरोखर ऐका. याकोब आपल्या पत्रात म्हणतो की ऐकण्यास तत्पर, बोलण्यास धीमे, रागास मंद असावे; त्या बैठकीत याचा अर्थ असा की ते दहा मिनिटे बोलले तर दहा मिनिटे मध्ये तोंड घालायचे नाही, एखादी तारीख चुकीची सांगितली तरीही. भेटीत एकच विषय ठेवा. घराच्या वाटणीत आईच्या औषधाचा खर्च, लग्नातला मानपान आणि वडिलांच्या अंत्यविधीला कोण उशिरा आले, हे सगळे आणले तर कशाचाच निकाल लागत नाही.

एक गोष्ट आपल्या मातीची म्हणून सांगतो. आपली बोली रांगडी आहे. कोल्हापूरचा माणूस प्रेमानेही ओरडून बोलतो आणि "काय करायचं ते करून घे जा" हे वाक्य पुष्कळदा युद्धाची घोषणा नसते, दुखावलेल्या माणसाचा आवाज असतो. बाहेरून आलेल्या पाळकांना हे समजायला वेळ लागतो. तुम्हाला समजायला हवे. भाऊ ओरडले म्हणून उठून येऊ नका. त्यांचा आवाज उतरेपर्यंत बसा. नीतिसूत्रांत मृदू उत्तराने राग निवळतो असे म्हटले आहे, पण ते उत्तर द्यायला आधी तेथे थांबावे लागते.

बहिणीच्या हिश्श्याबद्दल मात्र पहिल्याच भेटीत स्वच्छ सांगा : "माझ्या दोन भागांतले तुम्हाला काही जास्त हवे असेल तर आपण बोलू, तिच्या भागाबद्दल आपण दोघांनी ठरवायचे नाही, आईच्याही नाही." येथे तुम्ही इसहाकही होता आणि नाबोथही. घराचा रस्त्याकडचा भाग भावाला हवा आहे आणि तुम्हाला मागचा चालतो, तर द्या. मोजणीत दोन फूट कमीजास्त होत असतील तर सोडा. 2007 साली राज्यात महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली, तेव्हा मी ज्या गावी होतो तेथल्या समितीत मला बसवले होते, आणि तेथे मी पाहिले की वीतभर बांध कोरल्यावरून लोक त्या जमिनीच्या किमतीच्या कितीतरी पट पैसा कोर्टकचेरीत घालवतात. त्यांना जमीन नको असते. "त्याने माझे घेतले आणि मी काही केले नाही" असे गावाने म्हणू नये, एवढेच हवे असते. हा मान ही माणसाची अगदी स्वतःची वस्तू आहे, म्हणूनच ती सोडता येते. आणि जो ती एकदा सोडतो त्याला पुढच्या वेळी ती सोडणे सोपे जाते, हेही मी स्वतःवरून सांगतो.

भाऊ ऐकत नसतील तर दुसऱ्या पायरीवर दोघांनाही मान्य असलेले एकदोन लोक न्यावेत. ते मंडळीतलेच असावेत असे नाही. तुमचे मामा, वडिलांचे जुने मित्र, कोणीही चालेल, मात्र ज्यांचा या घरात एक रुपयाचाही स्वार्थ नाही असे असावेत. त्यानंतरही जमले नाही तर कोर्टात जाणे पाप आहे का, हा प्रश्न तुम्ही विचारला नाही, पण तो तुमच्या मनात असणार. करिंथच्या मंडळीला पौलाने झापले आहे की भाऊ भावावर फिर्याद करतो, तीही विश्वास न ठेवणाऱ्यांसमोर; त्यापेक्षा अन्याय का सोसत नाही, असे तो विचारतो. पण त्याच परिच्छेदात तो असेही विचारतो की भावाभावांत निवाडा करील असा एकही शहाणा माणूस तुमच्यात नाही काय. म्हणजे निवाडाच नको असे तो म्हणत नाही. आणि स्वतः पौलाने कैसरियात रोमी सम्राट कैसराकडे दाद मागितली होती. माझे मत असे की स्वतःच्या हिश्श्यासाठी भावाला कोर्टात ओढण्याआधी फार वेळ थांबावे. आईच्या किंवा बहिणीच्या हिश्श्यासाठी जावे लागले तर डोके शांत ठेवून जावे. त्यातही लोकअदालतीचा मार्ग आधी पाहावा. विधी सेवा प्राधिकरण कायदा, 1987 प्रमाणे तेथे दोघांच्या संमतीने निकाल होतो, तो दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखा असतो, त्यावर अपील होत नाही आणि चालू दाव्यातली भरलेली कोर्ट फी परत मिळते. दोन्ही पक्ष एका टेबलाशी बसून सह्या करतात, त्यामुळे नंतर एकमेकांच्या घरी जाण्याची वाट उरते.

शेजाऱ्याच्या पत्र्याचे पाणी हा विषय मला लहान वाटतो आणि म्हणूनच तो आजच मिटवावा. नीतिसूत्रांच्या सतराव्या अध्यायात म्हटले आहे की कलहाचा आरंभ हा पाण्याला वाट फोडून देण्यासारखा असतो. शेताच्या पाटाला बोटभर भोक पडले तर मूठभर चिखलाने बुजते. तासाभराने तेथे चार माणसे लागतात. पन्हळ बसवायला जो खर्च येईल त्यातला अर्धा मी देतो, असे तुम्हीच जाऊन म्हणा. पाणी त्यांचे असताना मी का द्यावे, असे मनात येईल. पण त्या भिंतीच्या दोन्ही बाजूंना तुमची मुले वीस वर्षे राहणार आहेत. पाऊस जूनमध्ये सुरू होतो. हे मे महिन्यात, कोरड्या जमिनीवर उभे राहून बोला. तुंबलेल्या अंगणात उभे राहून कोणी नीट बोलत नाही.

मंडळाच्या वर्गणीबद्दल ख्रिस्ती लोकांत मतभेद आहेत आणि माझे मत सर्वांना पटेलच असे नाही. मत्तयाच्या सतराव्या अध्यायात मंदिराचा कर मागायला लोक येतात. आपण तो देण्यास बांधलेले नाही, हे प्रभू आपला शिष्य पेत्र याला स्पष्ट सांगतो, आणि तरीही त्यांना अडखळण होऊ नये म्हणून दोघांचा कर भरायला लावतो. हक्क आहे हे माहीत असून तो न वापरणे, ही तेथली शिकवण आहे. मी स्वतः गल्लीच्या मंडळाला दरवर्षी पैसे देत आलो. देताना एवढेच सांगत आलो की हे रक्तदान शिबिराला किंवा मुलांच्या वह्यांना लावा, पूजेच्या खर्चाला माझ्याकडून नको, आणि आजवर एकाही कार्यकर्त्याने याचा राग धरला नाही. ज्यांचा विवेक यालाही परवानगी देत नाही त्यांनी देऊ नये, पण मग नकार दारात, हसून, त्या पोरांना बसायला सांगून द्यावा. कडी लावून आत गप्प बसू नये. शेजारणीने वाटीतून मोदक दिले तर ते दोन्ही हातांनी घ्यावेत असे मला वाटते. करिंथकरांना पौलाने सांगितलेच आहे की समोर वाढलेले चौकशी न करता खा, आणि कोणी मुद्दाम हे नैवेद्याचे आहे असे सांगितले तर त्याच्या विवेकासाठी खाऊ नका. आपण नाताळात करंज्या आणि शंकरपाळ्या घेऊन सगळी गल्ली फिरतो तेव्हा त्यांनी ताट परत पाठवावे असे आपल्याला वाटत नाही. 1852 साली रॉयल वाइल्डर हे मिशनरी कोल्हापुरात आले तेव्हापासून ही मंडळी याच शेजाऱ्यांमध्ये वाढली आहे.

रात्रीच्या आवाजाचे वेगळे आहे, कारण तेथे तुमच्या आईची झोप आहे, म्हणजे पुन्हा दुसऱ्याची वस्तू. ध्वनिप्रदूषण नियम, 2000 प्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकास बंदी आहे. वर्षातले ठरावीक दिवस सरकार मध्यरात्रीपर्यंत सवलत देते. पण नियमाचा कागद हातात घेऊन मिरवणुकीच्या रात्री जाऊ नका. मांडव पडण्याच्या दोनतीन आठवडे आधी मंडळाच्या अध्यक्षांना भेटा, आई कोणत्या खोलीत झोपते ते दाखवा, स्पीकरचे तोंड दुसरीकडे करता येईल का ते विचारा. ख्रिस्ती म्हणून मागू नका, आजारी आईचा मुलगा म्हणून मागा. तुमच्या गल्लीतल्या पोरांना आया आहेत. एवढे करूनही कोणी ऐकले नाही तर 112 वर फोन करण्यात वैर नाही.

पंचकमिटीच्या निवडणुकीबद्दल थोडकेच लिहितो. फिलिप्पैच्या मंडळीत युवदिया आणि सुंतुखे या दोन स्त्रियांचे पटत नव्हते. त्यांचे नाव घेऊन पौल दोघींनाही सारख्याच शब्दांत विनंती करतो आणि दोष कोणाचा हे लिहीत नाही. दोन्ही गटांना तुमच्याकडून हेच मिळावे. तुम्ही उमेदवार असाल आणि तुमच्या नावाने मंडळी फुटत असेल तर नाव मागे घ्या. पद ही तुमची वस्तू आहे. पण हिशेब न दाखवण्यावरून वाद असेल तर तो सोडू नका, कारण दानपेटीतला पैसा तुमचा नाही, त्यात मोलमजुरी करणाऱ्या विधवेचेही दहा रुपये आहेत. लेखी, सभ्य शब्दांत, सभेत हिशेब मागा. कधीकधी मतभेद मिटत नाहीत. पौल आणि त्याचा सोबती बर्णबा यांच्यात मार्क या सहकाऱ्यावरून इतका तीव्र वाद झाला की ते वेगळ्या वाटांनी गेले. पण पुढे तोच पौल आपला शिष्य तीमथ्य याला लिहितो की मार्काला घेऊन ये, तो मला उपयोगी आहे. वेगळे होताना पुढे असे पत्र लिहिता येईल एवढी जागा मनात ठेवावी. आणि मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर या विषयावर एक ओळही लिहू नका. लिहिलेल्या शब्दाला आवाज आणि चेहरा नसतो, आणि तो रात्री अकरा वाजता चाळीस जण वाचतात.

शांतीच्या नावाखाली जे कधीच सांगू नये, तेही येथे सांगितले पाहिजे. नवऱ्याचा मार खाणाऱ्या बहिणीला "सहन कर, प्रार्थना कर, घराची शांती मोडू नको" असे मंडळीतल्या वडीलधाऱ्यांनी सांगितलेले मी ऐकले आहे, आणि ते ऐकून गप्प राहिलेल्या पाळकांपैकी एकेकाळी मीही होतो. तिला आधी सुरक्षित जागी न्या. 2005 चा कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणारा कायदा तिच्यासाठीच आहे, आणि समेटाचा विचार ती सुरक्षित झाल्यावर, तिच्याच इच्छेने व्हावा. तसेच कोणी तुमची घरची प्रार्थना बंद पाडायला आले तर हात उचलू नका, उलट शब्द बोलू नका, पण अधिकारही टाकू नका. संविधानाच्या 25 व्या अनुच्छेदाने सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या मर्यादेत धर्म पाळण्याचे स्वातंत्र्य दिले आहे. फिलिप्पैत फटके मारून तुरुंगात टाकल्यावर अधिकाऱ्यांनी गुपचूप सोडून द्यायचे ठरवले, तेव्हा पौल म्हणाला की आम्ही रोमी नागरिक आहोत, त्यांनी स्वतः येऊन आम्हाला बाहेर काढावे. यात त्याला स्वतःचा मान मिरवायचा होता असे मला वाटत नाही. मागे त्या गावात लुदिया या विश्वासी स्त्रीच्या घरी जी कोवळी मंडळी राहणार होती, तिच्यावर उद्या कोणी सहज हात टाकू नये म्हणून त्याने ते केले असावे.

तुमच्या कामाचा क्रम मी असा लावीन. आज संध्याकाळी गडहिंग्लजला बहिणीला फोन करा आणि कागदाचा विषय न काढता तिला सांगा की तुझ्या सहीची घाई कोणालाही करू देणार नाही. आईजवळ बसून तिला काय हवे आहे ते विचारा; तीन भाग तिचे आहेत आणि तिला अजून कोणी विचारलेले नसावे. वकिलाकडचा कागद आणि मिळकत पत्रिका या आठवड्यात काढा. मग येत्या रविवारी जेवणानंतर भावाकडे जा, पण तो कागद पहिल्या भेटीत खिशातून काढू नका.

त्यांनी दार उघडले नाही तर महिन्याभराने पुन्हा जा, आणि दरम्यान त्यांच्या मुलांना रस्त्यात भेटलात तर नेहमीसारखे नावाने हाक मारा.